वायूंची आकारमाने आणि रासायनिक गणिते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकारमानांच्या गुणोत्तराचा नियम नेमका काय सांगतो?

वायू एकमेकांशी अभिक्रिया करतात तेव्हा त्यांची आकारमाने साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. दोन लिटर हायड्रोजनला एक लिटर ऑक्सिजन पुरतो. एक लिटर हायड्रोजन आणि एक लिटर क्लोरीन यांचा दोन लिटर हायड्रोजन क्लोराइड होतो. तयार होणारा पदार्थ वायुरूप असेल तर तोही या हिशेबात बसतो. अट अशी की सगळी आकारमाने एकाच तापमानाला आणि एकाच दाबाला मोजलेली हवीत.

फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी हा नियम १८०८ मध्ये मांडला. त्यामागचे कारण १८११ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रो यांनी सांगितले: समान तापमानाला आणि समान दाबाला कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. संतुलित समीकरणातले सहगुणक, म्हणजे पदार्थांच्या आधी लिहिलेले आकडे, हे रेणूंचे प्रमाण असते. रेणूंचे प्रमाण तेच आकारमानांचे प्रमाण, म्हणून वायूंपुरते सहगुणक थेट लिटर म्हणून वाचता येतात.

एक लिटर आणि एक लिटर मिळून दोन लिटर कसे? एकच व्हायला हवा ना?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टन यांनाही हीच अडचण होती आणि त्यांनी गे-ल्युसॅक यांचा नियम शेवटपर्यंत मानला नाही. हायड्रोजनचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू जोडला जातो असे धरले, तर दोन कणांचा एक कण होतो आणि आकारमान निम्मे व्हायला हवे. खरी गोष्ट अशी की हायड्रोजन आणि क्लोरीन दोन्ही दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतात. रेणू फुटतात, जोड्या बदलतात आणि दोन रेणूंपासून पुन्हा दोनच रेणू होतात. ॲव्होगॅड्रो यांचे हे म्हणणे रसायनशास्त्रज्ञांना पटायला जवळजवळ ५० वर्षे गेली. १८६० च्या जर्मनीतल्या कार्ल्सरूहे परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारो यांनी ते पुन्हा मांडले, त्यानंतर चित्र पालटले.

गणित सोडवायच्या पायऱ्या कोणत्या?

आधी समीकरण संतुलित करा. मग प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहा: वायू, द्रव की स्थायू. बहुतेक चुका या दुसऱ्या पायरीला होतात, कारण ती लिहायचा कंटाळा केला जातो. त्यानंतर फक्त वायूंचे सहगुणक घ्या आणि त्रैराशिक मांडा.

नायट्रिक आम्लाच्या कारखान्यातली पहिली अभिक्रिया घेऊ. प्लॅटिनमच्या जाळीवर अमोनिया जळतो:

४ अमोनिया + ५ ऑक्सिजन → ४ नायट्रिक ऑक्साइड + ६ वाफ

अमोनिया १२ लिटर असेल तर ऑक्सिजन १२ × ५/४ = १५ लिटर लागेल. नायट्रिक ऑक्साइड १२ लिटर आणि वाफ १८ लिटर तयार होईल. ऑक्सिजन हवेतून घ्यायचा असेल तर हवेत तो आकारमानाने २१ टक्के असतो, म्हणून १५ ÷ ०.२१ = सुमारे ७१.४ लिटर हवा लागेल. यात मोल (रेणू मोजायचे ठरावीक मोठ्या संख्येचे एकक) कुठेही आला नाही, एका मोल वायूचे लिटर सांगणारी २२.४ ही संख्याही आली नाही.

मग २२.४ ने गुणायचे तरी कधी?

दिलेले वायूचे आकारमान आणि उत्तरही त्याच परिस्थितीतले वायूचे आकारमान, तर कधीच नाही. बरेच विद्यार्थी लिटरला २२.४ ने भागतात, मोलांचे प्रमाण लावतात आणि पुन्हा २२.४ ने गुणतात. उत्तर बरोबर येते, पण अख्खी फेरी फुकट जाते आणि मध्ये दशांशाची चूक व्हायला जागा मिळते.

एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला लिटर असतील तेव्हा मात्र एका मोलचे आकारमान लागते. ते कोणते घ्यायचे हे तापमान आणि दाब पाहून ठरवा:

० °से., १ ॲटमॉस्फिअर: २२.४१ लिटर
० °से., १ बार: २२.७१ लिटर
२५ °से., १ बार: २४.७९ लिटर
३० °से., मुंबईत (समुद्रसपाटीचा दाब): सुमारे २४.९ लिटर
३० °से., पुण्यात (उंची सुमारे ५६० मीटर, दाब सुमारे ९४.८ किलोपास्कल): सुमारे २६.६ लिटर

अकरावीच्या नव्या पुस्तकात २२.७ आणि जुन्या गाइडमध्ये २२.४ का, याचे उत्तर पहिल्या दोन ओळींत आहे. प्रमाण दाब आता १ बार मानतात, पूर्वी १ ॲटमॉस्फिअर मानत. प्रश्नात दाब दिलेला असेल तर तोच वापरा. शेवटच्या दोन ओळी प्रयोगशाळेसाठी आहेत: एकच प्रयोग मुंबईत आणि पुण्यात केला तर वायूच्या लिटरांत जवळजवळ ७ टक्के फरक पडतो. दोन वायूंचे गुणोत्तर मात्र दोन्हीकडे तेच राहते, आणि गुणोत्तराची पद्धत भरवशाची आहे ती यामुळेच.

दोन्ही वायूंची आकारमाने दिली असतील तर कोणता आधी संपेल?

प्रत्येकाच्या आकारमानाला त्याच्या सहगुणकाने भागा. ज्याचा भागाकार लहान, तो आधी संपतो. तोच मर्यादा घालणारा अभिक्रियाकारक, म्हणजे वर्गात ज्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात तो.

१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया

नायट्रोजन ३० लिटर, हायड्रोजन ६० लिटर. भागाकार ३० आणि २०. हायड्रोजन आधी संपेल, जरी तो आकड्याने दुप्पट दिसत असला तरी. अमोनिया २० × २ = ४० लिटर होईल, नायट्रोजन २० लिटर वापरला जाईल आणि १० लिटर उरेल. भांड्यात शेवटी ४० + १० = ५० लिटर. सुरुवातीला ९० होते. उरलेला वायू एकूण आकारमानात धरायला विसरणे ही परीक्षेतली फार नेहमीची चूक आहे.

९० चे ५० कसे झाले? वस्तुमान अक्षय्य असते ना?

वस्तुमान अक्षय्य असते, आकारमान नाही. चार रेणूंचे दोन झाले की जागा कमी लागते. सहगुणकांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी असेल तरच एकूण आकारमान टिकते, उदाहरणार्थ हायड्रोजन आणि क्लोरीन. आकारमान वाढूही शकते: वरच्या अमोनियाच्या ज्वलनात ९ चे १० होतात.

या घटीचा उपयोगही होतो. १०० मिली ऑक्सिजनमधून विद्युत विसर्जन केले आणि आकारमान ९४ मिली झाले, तर ओझोन किती? ३ ऑक्सिजनचे २ ओझोन होतात, म्हणजे २ मिली ओझोनमागे १ मिली घट. घट ६ मिली, म्हणून ओझोन १२ मिली. ऑक्सिजन १८ मिली खर्च झाला, ८२ उरला, ८२ + १२ = ९४. ताळा जुळला.

वायूंच्या गुणोत्तरात कोळसा, गंधक, जस्त यांना काय करायचे?

त्यांना आकारमानाच्या हिशेबातून वगळा. कार्बन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड यात १ लिटर ऑक्सिजनपासून १ लिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. कोळशाचे ‘एक आकारमान’ असे काही नसते. स्थायूचे ग्रॅम दिले असतील तर ते मोलमध्ये बदला आणि तिथून वायूकडे या.

पाणी धरायचे की सोडायचे?

तापमानावर ठरते. २०० मिली हायड्रोजन आणि १०० मिली ऑक्सिजन पेटवले आणि सगळी मोजमापे ११० °से. ला केली, तर २०० मिली वाफ मिळते. तीच वाफ खोलीच्या तापमानाला आणली की दोन-तीन थेंब पाणी होते आणि आकारमान जवळजवळ शून्य. प्रश्नात ‘थंड केल्यावर’, ‘खोलीच्या तापमानाला’ असे शब्द असतील तर पाणी शून्य धरा. ‘१०० °से. च्या वर’ म्हटले असेल तर पूर्ण धरा. काहीच म्हटले नसेल तर आपण काय धरले ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा.

गॅसच्या शेगडीला हवा किती लागते?

मिथेन: १ आकारमानाला ऑक्सिजन २, म्हणजे हवा सुमारे ९.५
प्रोपेन: १ ला ऑक्सिजन ५, हवा सुमारे २३.८
ब्यूटेन: १ ला ऑक्सिजन ६.५, हवा सुमारे ३१

सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण, पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एकाच आकारमानाला लागणाऱ्या हवेत अडीच ते तीनपट फरक आहे, आणि उष्णतेतही साधारण तेवढाच. म्हणून पाइपलाइन आल्यावर शेगडीचे जेट बदलावे लागतात. मिथेनसाठी जेटचे भोक मोठे असते. तेच मोठे जेट ठेवून पुन्हा सिलिंडर जोडला तर गॅस जास्त सुटतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडे काळी पडतात.

गोबर गॅसचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण त्यात न जळणारा कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन ६० टक्के धरला तर १ घनमीटर गोबर गॅसला १.२ घनमीटर ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ५.७ घनमीटर हवा लागते.

बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा धोका आकड्यांत दाखवता येईल का?

येतो, आणि प्रत्येक वर्गात हे गणित करून घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते.

बाथरूम १.५ × १.२ × २.२ मीटर, म्हणजे जवळपास ४ घनमीटर किंवा ४००० लिटर. त्यात ऑक्सिजन २१ टक्के: ८४० लिटर. गीझर साधारण १० मिनिटे चालला आणि १५० ग्रॅम ब्यूटेन जळला असे धरू. ब्यूटेनचा एक मोल ५८ ग्रॅम, म्हणून सुमारे २.६ मोल. मुंबईच्या ३० अंशांना हे ६४ लिटर होतात.

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० वाफ

ऑक्सिजन लागला ६४ × ६.५ = ४१६ लिटर. खोली हवाबंद असेल तर एका आंघोळीत तिथला निम्मा ऑक्सिजन संपतो आणि २५६ लिटर कार्बन डायऑक्साइड जमा होतो. तो हवेच्या ६ टक्क्यांहून जास्त आहे. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, पण गोष्ट इतकी लांब जाण्याची गरजच पडत नाही. ऑक्सिजन कमी होऊ लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेत तो एक टक्क्याच्या अगदी छोट्या अंशाने असला तरी माणूस बेशुद्ध पडतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते शक्य नसेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, आणि मगच दार लावा.

अनोळखी हायड्रोकार्बनचे सूत्र आकारमानांवरून कसे काढायचे?

या प्रयोगाला युडिओमेट्री म्हणतात. अंशांकित नळीत हायड्रोकार्बन आणि भरपूर ऑक्सिजन घेऊन ठिणगीने पेटवतात, थंड करतात आणि आकारमान वाचतात. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सोडतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषते. उरतो तो जादा ऑक्सिजन.

समजा हायड्रोकार्बन १० मिली, ऑक्सिजन ८० मिली. पेटवून थंड केल्यावर ६० मिली उरले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडनंतर ३० मिली.

कार्बन डायऑक्साइड ६० − ३० = ३० मिली. १० मिली वायूपासून ३० मिली, म्हणजे एका रेणूत कार्बनचे अणू ३.
ऑक्सिजन खर्च झाला ८० − ३० = ५० मिली, म्हणजे एका रेणूला ५.
रेणूत कार्बनचे अणू क्ष आणि हायड्रोजनचे य असतील तर लागणारा ऑक्सिजन क्ष + य/४ असतो. ५ = ३ + य/४, म्हणून य = ८.

तीन कार्बन, आठ हायड्रोजन: प्रोपेन. ताळा करायचा तर पहिली घट पाहा. ती हायड्रोकार्बनच्या (१ + य/४) पट असते. ९० − ६० = ३०, आणि १० × (१ + २) = ३०.

उत्तर अपूर्णांकात आले तर बहुधा ऑक्सिजन पुरेसा नव्हता आणि कार्बन मोनॉक्साइड झाला, किंवा नळी पुरती थंड व्हायच्या आत वाचन घेतले. खोलीच्या तापमानाच्या आसपास ३ अंशांच्या फरकाने आकारमान १ टक्का बदलते.

धुराच्या विश्लेषणात शोषक द्रावणे ठरावीक क्रमानेच का वापरतात?

बॉयलरचा धूर तपासायच्या ऑर्सॅट उपकरणात आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मग अल्कधर्मी पायरोगॅलॉल, शेवटी अमोनियायुक्त क्यूप्रस क्लोराइड असा क्रम असतो. पायरोगॅलॉल ऑक्सिजन शोषते, पण अल्कधर्मी असल्याने कार्बन डायऑक्साइडही शोषते. ते आधी वापरले तर दोन्हींची बेरीज ऑक्सिजन म्हणून नोंदली जाईल. क्यूप्रस क्लोराइड कार्बन मोनॉक्साइडसाठी असते, पण ऑक्सिजनही घेते, म्हणून ते शेवटी. प्रत्येक वेळी आकारमान स्थिर होईपर्यंत वायू द्रावणात पुन्हा पुन्हा ढकलावा लागतो. एकदाच ढकलून वाचन घेतले की तो घटक कमी दिसतो.

पाण्यावर जमवलेल्या वायूचे आकारमान नेहमी जास्त का येते?

कारण नळीत वायूबरोबर पाण्याची वाफही असते. ३० °से. ला तिचा दाब ३१.८ मिमी पारा असतो, २५ °से. ला २३.८. तो हवेच्या दाबातून वजा करावा लागतो. मुंबईत ७६० मिमी दाबाला, ३० अंशांवर १०० मिली ओला हायड्रोजन जमला, तर कोरडा हायड्रोजन १०० × (७६० − ३१.८) ÷ ७६० = ९५.८ मिली.

०.६५४ ग्रॅम जस्त आणि भरपूर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर ०.०१ मोल हायड्रोजन मिळतो. २२.४ पाठ असलेला विद्यार्थी २२४ मिलीची वाट पाहतो. पुण्यात ३० अंशांना पाण्यावर जमवला तर नळीत सुमारे २७८ मिली दिसतात. जस्त शुद्ध आहे, प्रयोग बरोबर आहे, फक्त तापमान, उंची आणि वाफ या तिन्हींची बेरीज झाली आहे.

वाचनाआधी नळीच्या आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. पातळीत १० सेंमीचा फरक राहिला तर दाबात ७ मिमीहून जास्त, म्हणजे जवळजवळ १ टक्का चूक होते.

पाण्याच्या विद्युत अपघटनात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण २ : १ का येत नाही?

सुरुवातीच्या काही मिनिटांत ऑक्सिजन कमी दिसतो, कारण तो पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो. पाणी संपृक्त होईपर्यंत प्रवाह चालू ठेवा, दोन्ही नळ्या पुन्हा भरा आणि मग मोजा. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचे इलेक्ट्रोड असतील तर ऑक्सिजनचा काही भाग कार्बनशी अभिक्रिया करतो आणि प्रमाण दोनच्या वर जाते. प्लॅटिनम नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात निकेलचे इलेक्ट्रोड चांगले चालतात.

मीठ घालू नका. मिठाने ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन सुटतो, तो विषारी आहे. दोन्ही वायू एकाच नळीत जमवू नका, जवळ ज्योत ठेवू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी मिश्रण पेट घेते.

साखळीने होणाऱ्या अभिक्रियांत गुणोत्तर कसे लावायचे?

मधला पदार्थ दोन्ही समीकरणांत सारखा करून. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनतो. मिथेन आणि वाफ यांच्या अभिक्रियांची बेरीज अशी:

१ मिथेन + २ वाफ → १ कार्बन डायऑक्साइड + ४ हायड्रोजन

३ हायड्रोजनमागे २ अमोनिया, म्हणून ४ मागे ८/३. म्हणजे ३ घनमीटर मिथेनपासून जास्तीत जास्त ८ घनमीटर अमोनिया. प्रत्यक्षात कमी मिळतो: नायट्रोजनसाठी आत हवा सोडतात, तिच्यातला ऑक्सिजन काही वायू जाळतो, शिवाय भट्टीसाठीही इंधन लागते.

अभिक्रिया अर्धवटच होत असेल तर?

मग जेवढा भाग खर्च झाला तेवढ्यालाच गुणोत्तर लावा. १०० लिटर नायट्रोजन आणि ३०० लिटर हायड्रोजन यांपैकी एका फेरीत १५ टक्के बदलले, तर १५ आणि ४५ लिटर खर्च झाले आणि ३० लिटर अमोनिया झाला. भांड्यात ८५ + २५५ + ३० = ३७० लिटर, त्यात अमोनिया सुमारे ८ टक्के. तो थंड करून द्रवरूपात काढतात आणि उरलेला वायू परत फिरवतात.

हा नियम कुठे फसतो?

अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड भेटले की पांढरा स्थायू अमोनियम क्लोराइड होतो. दोन्ही वायू समान असतील तर आकारमान जवळजवळ नाहीसे होते. नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू आपापसांत जोड्या करतात, म्हणून तो हिशेबापेक्षा कमी भरतो, आणि थंडीत आणखी कमी. अमोनिया पाण्यावर जमवताच येत नाही: २० °से. ला एक लिटर पाण्यात तो सुमारे ७०० लिटर विरघळतो. कार्बन डायऑक्साइडही त्याच तापमानाला पाण्याच्या आकारमानाच्या जवळजवळ ०.९ पट विरघळतो, म्हणून तो जमवायला सिरिंज वापरा.

साध्या दाबालाही वायू पूर्ण आदर्श नसतात. ० °से. आणि १ ॲटमॉस्फिअरला हायड्रोजनचा एक मोल २२.४३ लिटर भरतो, अमोनियाचा सुमारे २२.१, सल्फर डायऑक्साइडचा सुमारे २१.९. शाळा-कॉलेजच्या मोजमापात हा एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो. अमोनियाच्या कारखान्यातल्या शंभर-दोनशे ॲटमॉस्फिअर दाबाला मात्र लिटरांचे गुणोत्तर वापरू नका. तिथे मोल धरा आणि त्या दाबाचे मोजलेले गुणांक लावून आकारमान काढा.